पल्याडचा साक्षीदार

तिसऱ्या फटक्याला महिपती मास्तरांचा चष्मा उडून अंगणात पडला. रतननं काठी खाली घेतली. ज्या हातानं मास्तरांनी त्याच्याकडून पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं, तो हात आता कोपरापासून लोंबत होता.

"का रं थांबलास?" ओट्यावरून हिंदुराव म्हणाला. "गुरुदक्षिणा दिऊन झाली व्हय?"

सहा वाजून गेले होते. नीरेवर धुकं इतकं दाट होतं, की पल्याडचा काठ दिसत नव्हता. पल्याड सोलापूर जिल्हा. तिथल्या एका पत्र्याच्या खोलीतून मास्तरांचा मुलगा दिग्विजय रोज सकाळी सातला मोबाइलवरून थेट बातम्या द्यायचा. हिंदुरावचा चोरटा वाळूउपसा त्यानं दाखवला, म्हणून हिंदुरावनं खटपटी करून त्याला पुणे जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार करवलं होतं. माणूस हद्दीबाहेर गेला, आवाज मात्र घरोघरी येत राहिला. इंदापूरच्या बाजारात, कळसच्या पारावर लोक चहा गार होईपर्यंत त्याला ऐकत.

"मी आदेश पाळतो. वर्षभरात नीरा ओलांडलेली नाही," असं तो आवर्जून सांगे. ते ऐकून हिंदुराव थुंकायचा. रोज सकाळी मास्तरांच्या घरून भाकरी न्यायला होडी येते, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं.

काल मात्र दिग्विजयनं वेगळंच सांगितलं होतं. वाळू अडवायला गेलेला कोतवाल सोपान हिंदुरावच्या ट्रॅक्टरखाली अपघातानं आला नाही, त्याला चिरडलं गेलं. ते डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आज सातला कॅमेऱ्यासमोर येईल.

ट्रॅक्टर रतन चालवत होता. "घाल अंगावर," असं ओरडला होता हिंदुराव.

"सातच्या आत त्यो बंद झाला पायजे," हिंदुराव आता म्हणाला. "मास्तर, होडी कशी बोलावता?"

मास्तरांनी लोंबणारा हात छातीशी धरला. अंगणातल्या लिंबाला शाळेची जुनी घंटा टांगलेली होती, रुळाचा तुकडा. हिंदुरावनं आधी तिच्याकडं बघितलं, मग चुलीकडं. रतनला कळलं. त्यानं चुलीपाशी बसलेल्या मास्तरांच्या बायकोचा, छबूबाईंचा हात धरून तापल्या तव्यावर दाबला.

त्या किंचाळल्या तशी मास्तरांची मान खाली गेली.

"तीन ठोकं. भाकरी झाली की तीन ठोकं देतो आमी."

"आन् येतंय कोण?"

"ज्याला भूक लागती, त्यो."

"मास्तर, नगा!" छबूबाई हात पोटाशी धरून ओरडल्या. "लेकरू हाय ओ त्ये!"

"मी आधी आपलं बघतोय, छबू," मास्तर हळूच म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "हिंदुराव, तुमच्याबी घरात पोरगं हाय. जीव नका घेऊ. इचार करा."

"पोरासाठीच चाललंय. बारामतीला अभ्यासाला ठिवलाय त्याला, उद्या सायब हुईल. खुन्याचा पोरगा म्हणायला नगं कुणी. रतन, ठोक."

रतननं तीन ठोके दिले आणि फावडं घेऊन उतारावर जाऊन बसला.

थोड्या वेळानं वल्ह्याचा आवाज आला. धुक्यातून होडी काठाला लागली. कानटोपी घातलेला, घोंगडं पांघरलेला माणूस दोर बांधायला वाकला. रतननं मागून मानेवर घाव घातला. माणूस पाण्यात तोंडावर पडला, पण मेला नाही. त्यानं हात मागं टाकून रतनचा घोटा पकडला. रतननं गुडघा त्याच्या पाठीवर रोवला आणि डोकं चिखलात दाबून धरलं. बोटं सैल पडायला फार वेळ लागला.

त्यानं त्याला उताणं केलं नाही. चौथीपर्यंत तो आणि दिग्विजय एका बाकावर बसले होते. ते तोंड त्याला बघायचं नव्हतं. वाळूचं पोतं कमरेला बांधून त्यानं ते धूड उपशाच्या खोल खड्ड्यात ढकललं.

फावडं घेऊन तो अंगणात परत आला. त्यानं नुसती मान हलवली.

"ब्येस," हिंदुराव म्हणाला. "वैनी, च्या टाका. एका हातानं जमंल न्हवं?"

छबूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, हलल्या नाहीत. मास्तर डोळे मिटून होते.

सात वाजले. हिंदुरावनं मोबाइल ओट्यावर उभा केला. "आता बघू, कोण बोलतंय त्ये."

पडदा उजळला. चित्र वेडंवाकडं हललं, मग स्थिर झालं. समोर दिग्विजय बसला होता.

रतनच्या हातातलं फावडं गळून पडलं.

"नमस्कार. आज कॅमेरा मीच लावलाय, सांभाळून घ्या. रोज तो धरणारा, अभ्यास सोडून इथं येऊन राहिलेला आमचा मित्र भाकरी आणायला पल्याड गेलाय, अजून परतला नाही. आजचा साक्षीदारही तोच आहे. मला उशीर झाला तर माझं नाव सांगून सुरुवात कर, असं जाताना तोच सांगून गेला. त्याचं नाव विजयसिंह. हिंदुरावांचा मुलगा."