हरिहरचं पान

"एडनहून पाहुणा आलाय," दाजीकाकांनी ओटीवरून आवाज दिला, आणि उत्तराचं तव्यावरचं घावन करपलं.

"आपल्या हरिहरच्या कचेरीतला. कल्याणचा विश्राम. काल आगबोटीनं मुंबईला उतरला, आज तडक ठाण्याला. आमच्याबरोबरच जेवेल."

सासूबाई गौरीपुढून धडपडत उठल्या. "माझ्या हरीला बघून आलेला माणूस! अगं, ऐकलंस का?"

उत्तरानं ऐकलं होतं. विश्राम हे नाव तिनं याआधी एकदाच वाचलं होतं, एका पत्राच्या शेवटी.

ते पत्र सहा वर्षांपूर्वी आलं. चुलतसासरे दाजीकाका शहाडच्या शेतावर गेलेले, सासूबाईंना अक्षरओळख नाही. उत्तराला होती. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हरिहरनंच माजघराचं दार लोटून तिला चोरून शिकवलं होतं. पत्रात चारच ओळी होत्या. हरिहर पटकीनं वारला, क्रियाकर्म तिथंच उरकलं, घरच्यांनी धीर धरावा. खाली सही विश्रामची.

तिनं पत्र चुलीत घातलं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. दाजीकाका शास्त्राला कडक. त्यांना कळतं तर दुसऱ्याच दिवशी न्हावी दारात उभा राहिला असता. आणि सासूबाईंचा तर एकुलता एक मुलगा. त्या हाय खाऊनच गेल्या असत्या. उत्तरानं तोंडाला कुलूप घातलं आणि रोजच्यासारखं कुंकू लावलं. दाजीकाका मात्र निर्धास्त होते. सरकारी नोकरी आहे, माणसाचं बरंवाईट झालं असतं तर सरकारनं कळवलं नसतं का, असं ते चारचौघांत सांगत.

रडायचीही चोरी होती. पण नवऱ्याच्या नावानं कुणी ओंजळभर पाणी सोडू नये, हे काही तिला सोसेना. त्या भाद्रपदात गौरीच्या जेवणाच्या दिवशी तिनं सासूबाईंना भीतभीत विचारलं, "इकडचंही पान मांडलं तर?"

सासूबाईंना ते इतकं आवडलं की ती घरची रीतच होऊन बसली. हरिहरच्या आवडीचं सगळं व्हायचं. घावन-घाटलं, अळूचं फदफदं, काकडीचे वडे. वर साजूक तूप. जेवणं उरकली की उत्तरा ते भरलं पान खाडीवर नेऊन पाण्यात सोडायची. समुद्रापलीकडच्या माणसाला पोचतं, असं तिनं सांगून ठेवलं होतं. टेंभी नाक्याकडच्या आणखी दोन घरांनी, ज्यांचे मुलगे परमुलखात होते, तिचं बघून पान मांडायला सुरुवात केली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक, ही बाई सणाच्या जेवणात नवऱ्याचं श्राद्ध उरकते आहे!

आणि आज तोच विश्राम ओटीवर बसला होता. त्यानं एक शब्द काढला की कुंकू, केस, सासूबाईंचा जीव, सगळंच जाणार होतं.

वाढायला बाहेर यावंच लागलं. एका पाटावर दाजीकाका, एकावर विश्राम, आणि मधल्या रिकाम्या पाटापुढे रांगोळी काढलेलं पान. विश्रामनं त्या पानाकडे पाहिलं. मग उत्तराच्या कपाळाकडे. घास त्याच्या हातातच राहिला.

"हे कुणाचं?"

"अरे, हरीचं!" सासूबाई माजघराच्या दारातून म्हणाल्या. "आमच्या सूनबाईनं घातलेली रीत. सांग रे बाबा, कसा आहे माझा हरी?"

हातातली तुपाची वाटी तिथंच टाकून खाडीकडे पळत सुटावं असं उत्तराला वाटलं.

विश्रामनं हातातला घास पानात ठेवला. "बरा आहे, काकू," तो म्हणाला. "अंगानं थोडा भरलाय."

"मग एक पत्र टाकायला काय होतं मेल्याला?"

विश्रामला ठसका लागला. दाजीकाकांनी त्याच्यापुढे पाणी सरकवलं.

उत्तरानं पदरानं डोळे टिपले. काय हा माणूस! एका म्हातारीसाठी, एका अनोळखी बाईच्या कुंकवासाठी, सणाच्या पानावर बसून खोटं बोलला. सख्ख्या भावानंही केलं नसतं. तिनं न विचारताच त्याला आणखी दोन घावनं वाढली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ओझ्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला होता.

जेवून तो मागच्या पडवीत हात धुवायला आला, तेव्हा तीच तांब्या घेऊन पुढे झाली.

"भाऊजी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"माझे कसले उपकार?" त्यानं मान वर केली नाही. "वहिनी, मी तुमची क्षमा मागायला आलो होतो. सगळं सांगून मोकळा होणार होतो. पण तुमच्या कपाळी कुंकू दिसलं, शेजारी पान दिसलं. म्हटलं, सुटलो. यांना कळलेलंच आहे."

"कळलंय. पण एकट्या मलाच. तुमचं पत्र मीच वाचलं आणि मीच जाळलं. घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही, तुम्हीही बोलू नका. वर्षातून एकदा हे पान सोडते, तेवढीच त्यांच्या जिवाला शांती."

विश्रामच्या ओंजळीतलं पाणी तसंच ओघळून गेलं.

"म्हणजे तुम्ही ते पत्र खरं धरलंत?"

"तुम्हीच तर लिहिलं होतं."

"अक्षर माझं होतं, वहिनी," तो म्हणाला. "आत त्याची दुसरी बायको बाळंत होत होती, आणि हरिहर माझ्याशेजारी बसून मजकूर सांगत होता."