मोकळं केलेलं घर

डॉक्टरची तारीख समुद्राच्या भरतीइतकी पक्की असते, असं जाहीर करून खलाशी दीपेश बायकोच्या, रुपालीच्या बाळंतपणासाठी सुटी काढून रत्नागिरीला सासुरवाडीत आला. तारीख उलटली, सुटी संपली. बाळाला मात्र कुणी कळवलं नव्हतं. संध्याकाळच्या गाडीने दीपेशला जहाजावर परतायचं होतं. "घरात काही बांधलेलं असलं की बाळ अडतं," म्हणत सासूबाईंनी कुलपं काढली, गोणींची तोंडं सोडली, बकरीही सोडली. तिने शेजारणीची अबोली फस्त केली. रुपालीने वेणी मोकळी केली, तरी कळा येईनात. सासूबाईंची नजर त्याच्या भरलेल्या बॅगेवर गेली. "जावईबापू, ही पण उघडा." त्याने चेन ओढली. तिघंही वाट बघत बसली. दारात रिक्षा थांबली. रुपालीने त्याचा हात पोटावर धरला, मग हळूच सोडला. "अहो, बाळ आता फोनवरच बघाल. माझा चार्जर बिघडलाय, तुमचा तेवढा ठेवून जा."