वरून कोरडा

बसा हो जरा टेकून. एक गोष्ट सांगतो, डायपरची आहे. नाकं मुरडू नका, एक दिवस आपल्या सगळ्यांनाच तिथं जायचंय.

तर एका बाईनं एका सकाळी बापाचा डायपर काढला, वरून हात फिरवला आणि सुस्कारा सोडला. कोरडा! रात्रभर बांधलेला, तरी कोरडा ठणठणीत.

ती डायपरच्या कारखान्यात होती, तिथं तिला सगळे चाळणीबाई म्हणायचे. डायपरच्या पोटात जेलचे दाणे असतात, साखरेसारखे बारीक. ते चाळायचे, तोलायचे, तपासायचे, हे तिचं काम. पाणी लागलं की हा दाणा फुगतो. पाणी पोटात धरतो, दाबलं तरी सोडत नाही. पण त्याला एक खोड. वरचे दाणे आधी पितात, फुगून एकमेकांना चिकटतात आणि दार लावून बसतात. खालचे राहतात उपाशी, पाणी राहतं वर, आणि माणूस भिजतो. म्हणून नव्या दाण्याची साल कडक केली होती. कडक सालीचे दाणे चिकटत नाहीत, मधल्या फटींतून पाणी पार तळाशी उतरतं.

त्या नव्या मालाचे डायपर साहेबांनी तिच्या हातात ठेवले. "बाई, घरी वापरून बघा. खरी परीक्षा तुमच्याकडंच आहे."

होतीच. बाप अंथरुणाला खिळलेला. पाठीला जखम, ओल लागली की चिघळायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, कोरडं ठेवा, नाहीतर हाडापर्यंत जाईल. म्हणून बाई रात्रभर उठबस करायची आणि दिवसा उभ्या उभ्या पेंगायची. "अगं, दाणे चाळतेस की स्वतःलाच?" कारखान्यात शेजारी काम करणारी मैत्रीण हसायची. हसायलाही हिच्यात त्राण नसायचं.

नवा माल आला आणि सगळं पालटलं. रात्री चाचपून बघावं, तर वरून कोरडा. बदलायचं कामच नाही. सकाळी काढायचा, गुंडाळायचा, फेकायचा. जखमेवर खपली धरली. बाई ओंडक्यासारखी झोपायला लागली. बाप हल्ली कमी बोलायचा, जीभ अडखळायची. वय झालं, असं तिनं मनाशी म्हटलं आणि कूस बदलली.

"सालीनं कमाल केली, साहेब," तिनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

"मग एक वापरलेला कापून बघा. पाणी किती खोल गेलंय ते कळू दे. मग माल पास."

म्हणून त्या सकाळी तिनं डायपर फेकला नाही. मोरीत बसली आणि कात्रीनं उभा चिरला.

आतून दाणे सळसळत फरशीवर सांडले. कोरडे. गोणीतून नुकते काढल्यासारखे. कोपऱ्यात लिंबाएवढा गोळा फुगला होता तेवढाच, तोही काळ्या चहाच्या रंगाचा. आधी तिला वाटलं, साल फारच कडक झाली, दाणे प्यालेच नाहीत. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. दाण्यांचा काय दोष? त्यांच्यापर्यंत काही आलंच नव्हतं.

ती उठली, बापाच्या उशाशी आली आणि तिथली पाण्याची बाटली उचलली. काठोकाठ भरलेली. रोज सकाळी ती हीच बाटली मोरीत उपडी करायची आणि ताजी भरून ठेवायची. दिवसभर दाणे तोलणारा हात, पण त्याला बाटलीचं वजन एकदाही जाणवलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही पाणी पीत नाही?"

बापानं फुटक्या ओठांवरून जीभ फिरवली. "जन्मभर लोकांचे गळके नळ बंद केले मी. एक स्वतःचा नाही होय जमणार?" मग हळूच म्हणाला, "झोप लागते ना गं तुला आता?"

बाईला रडायचं होतं, पण आधी तिनं त्याच्या मानेखाली हात घातला आणि बाटलीचं झाकण उघडलं.

एवढीच गोष्ट. आता तुम्ही एक करा. तुमच्या घरी कोणी फार शहाण्यासारखं, काही न मागता पडून असेल, तर घरी गेल्या गेल्या त्याच्या उशाची बाटली तेवढी उचलून बघा.