ढब्बूचं पथ्य

आजही ढब्बूने वाटी नुसती हुंगली आणि मान फिरवली.

"दोन घास तरी खा रे सोन्या," ती म्हणाली.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे मोजूनमापून करणं हाडात मुरलेलं. डाळ, भोपळा, सोयाबीन, वर दोन गोळ्यांची पूड, सगळं काट्यावर तोललेलं. वर्षापूर्वी तिने मांसाहार सोडला आणि कुत्र्यालाही सोडायला लावला. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून तक्ताच लिहून आणला होता. दर तीन महिन्यांनी तपासणीही व्हायची.

"कुत्र्याला संन्यास दिलास, आता एक कमंडलू तेवढा आण," नवरा म्हणाला.

ती हसली नाही. गेला महिनाभर ढब्बू खंगत चालला होता. जिन्याच्या चार पायऱ्या चढला तरी धापा टाकायचा.

नवरा कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी. रोज गोणीभर कांदा चिरायचा, पण डोळ्यांत टिपूस नाही. अख्ख्या कारखान्यात त्याच्या हाताची तारीफ, घरात मात्र बायकोपुढे त्याची डाळ शिजत नसे. मग त्याने आपली पळवाट काढली. दुपारी ती दुकानात असायची. तो घरी येताना डब्यात कांद्यावर खरपूस परतलेलं मटण आणायचा. ढब्बूला झोंबू नये म्हणून त्याच्यापुरती मिरची वगळायचा. मग जमिनीवर मांडी घालून एकेक तुकडा भरवायचा.

"तिला सांगू नकोस हं," असं त्याला बजावायचा. ढब्बू बोटंसुद्धा चाटूनपुसून घ्यायचा.

दोन महिने हा उद्योग चालला होता. कुत्रा खंगायला लागला, तसा त्याने डबा मोठा केला.

शनिवारी सकाळी ढब्बूला लालभडक लघवी झाली. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. नवऱ्याने त्याला उचललं आणि दवाखान्यापर्यंत पळत नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं, सुई लावली, होतं नव्हतं ते सगळं केलं. तासाभरात ढब्बू टेबलावरच गेला.

ती त्याच्या कानावरून हात फिरवत राहिली.

"माझ्या हट्टापायी गेला. मीच मारलं त्याला."

नवऱ्याचं काळीज तुटत होतं, आणि तोंड आवरलं नाही. "घसा फोडून सांगत होतो तुला! घास हिरावलास मुक्या जिवाचा."

तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. तो वाईट बोलला होता, हे त्यालाही कळत होतं. पण शब्द परत घेणं त्याच्याच्याने झालं नाही.

डॉक्टरीणबाई आतून रक्ततपासणीचा कागद घेऊन आल्या.

"असं मनाला लावून घेऊ नका. तुमच्या खाण्यात काही खोट नव्हती. मागच्या तपासणीत त्याचं हृदय, यकृत, सगळं ठणठणीत होतं." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "त्याच्या रक्तातल्या लाल पेशी आतल्या आत फुटल्यात. कांद्याने होतं असं, शिजवलेल्यानेही. रोज पोटात जात असणार त्याच्या."

तिने झटकन मान वर केली. "कांदा? शक्यच नाही. तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं मला."

मग तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"अहो, तुम्ही सांगा ना यांना. दुपारी तर तुम्हीच असता त्याच्यापाशी."