सुपातले राजे

सायलीच्या कादंबरीत मेघगड नावाचं काल्पनिक राज्य होतं आणि ते वसवणारे दोन भाऊ होते, दगडू आणि केरू. छापायला देण्याआधी तिने ती वडिलांना वाचायला दिली, तर ते भडकलेच. “राजांची असली नावं असतात का? लोक हसतील!” सिन्नरच्या कंपनीत ते तीस वर्षं ‘केबीसाहेब’ म्हणून वावरले, केरू हे आपलं नाव त्यांनी शेजाऱ्यांनाही कळू दिलं नव्हतं. “अण्णा, पुढचं वाचा.” पुढे लिहिलं होतं: ‘आईची पाच मुलं दगावली, म्हणून सहाव्याला तिने दगड म्हटलं. सातव्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि केर म्हणून घरी आणलं. यमाने दोघांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.’ अण्णांनी चष्मा काढला. “सुपाचं कोणी सांगितलं तुला?” “दगडूतात्यांनी.” मुखपृष्ठावर मुकुटाचं चित्र होतं. “मुकुट काढ, सूप घाल. आईचं माळ्यावर ठेवलंय मी.”