शेवटच्या गाडीचं पाणी

गाडीचा गार्ड लेन याने पाण्याचे दोन कॅन रोजच्यासारखे फलाटावर उतरवले. आजची गाडी शेवटची, म्हणून इंजिनाच्या तोंडावर काळ्या फितीचं पुष्पचक्र आणि फलाटावर ही गर्दी. एरवी इथे कुत्रंही उतरत नसे. निम्मी मंडळी तर मोटारीतून आली होती, गाडीला निरोप द्यायला!

स्टेशनमास्तर विल्फ्रेड स्नीथ कालचे रिकामे कॅन घेऊन आला.

“राहू द्या, साहेब,” लेन म्हणाला. “आता ते भरून आणणार कोण?”

विल्फ्रेड जागीच थांबला. या दलदलीच्या मुलखात स्टेशनच्या विहिरीचं पाणी खारट. प्यायचं पाणी पहिल्यापासून गाडीनेच यायचं. स्टेशन बंद झालं तरी घर तुमचंच, मरेपर्यंत राहा, असं रेल्वेचा अधिकारी सांगून गेला होता. विल्फ्रेडच्या बायकोच्या, नॉराच्या हातचा चहा दोन कप पिऊन गेला होता. त्या भरवशावर नॉराने लेकीकडे जायला साफ नकार दिला, आणि लेकीने त्यांच्यासाठी ठेवलेली खोली भाड्यानेही दिली. पाणी मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अगदी स्टेशनमास्तरच्यासुद्धा. त्याला स्वतःची चीड आली, पण चिडण्याएवढंही त्राण अंगात नव्हतं.

शिट्टी झाली. धुक्यात इशाऱ्याला लावतात ते फटाके आज उगाच रुळांवर ठेवले होते; ते चाकांखाली धडाधड फुटले. लोकांनी टोप्या हलवल्या. गाडी गेली.

मग सगळ्यांना चहा हवा झाला. नॉरा किटल्यांमागून किटल्या भरत होती. विल्फ्रेड तिच्याजवळ गेला.

“नॉरा, बास कर आता.”

“अरे, कधी नव्हे ती माणसं आलीत दारात. चहाला काय नाही म्हणू?”

“ते पाणी शेवटचं आहे,” तो हळूच म्हणाला. “उद्या गाडी नाही.”

किटली तिच्या हातात तशीच राहिली. तिने चहापायी रिकाम्या होऊन आडव्या पडलेल्या कॅनकडे पाहिलं, मग आपल्या खिडकीतल्या पडद्यांकडे. नवे होते, परवाच लावलेले.

“अजून अर्धा कप मिळेल?” एका टोपीवाल्या बाईंनी कप पुढे केला. त्यांचे डोळे भरून आले होते. “फार वाईट वाटतंय हो. आम्ही पुन्हा येऊ हं, खास तुमच्या चहासाठी.”

नॉराने कप काठोकाठ भरला.

“या की,” ती म्हणाली. “येताना पाणी तेवढं घेऊन या.”