सुईत दोरा ओवणारी बाई

"ही आपली या वर्षातली सगळ्यात मोठी खरेदी," म्हणत संग्रहालयाच्या संचालकांनी चित्रावरचा पातळ कागद उचलला.

टेबलावर इतरही नवी आवक मांडली होती. चांदीची अत्तरदाणी, कोरीव मुठीची काठी, जरीचा पडदा. पण ताईची नजर चित्रावरच खिळली. तळहाताएवढा कागद, जलरंग. सुईत दोरा ओवणारी बाई.

हे चित्र तिने आधी भावाकडे पाहिलं होतं.

गेल्या वर्षी एका दलालाने तिच्या धाकट्या भावाला हेच चित्र आणून दिलं होतं. सोबत त्याच काळातला एक कोरा कागद. हुबेहूब नक्कल कर, खपवायचं मी बघतो, म्हणाला होता. भावाने हे सांगितलं तेव्हा ताई इतकी कडाडली की दोघांचं बोलणंच तुटलं. ती संग्रहालयात जुनी चित्रं जपणारी, आणि तिच्याच घरात हे उद्योग!

"कुणाकडून घेतलं?"

संचालकांनी सांगितलं. तोच दलाल.

"कागद जुनाच आहे. रंग मात्र तज्ज्ञ दुपारी भिंगाखाली बघणार आहेत. तोवर कोपऱ्यातला डाग तेवढा काढा."

ते गेले. ताईने चित्र दिव्याखाली धरलं. मनगटाचा बाक, पापण्यांची रेघ, जिकडेतिकडे तिला भावाचाच हात दिसू लागला. दलाल पकडला गेला की पहिलं नाव भावाचंच घेणार. मग तुरुंग. आणि त्याच्या पोरी?

तिने मोरीत चित्र धरलं आणि नळ सोडला.

आधी निळा सुटला, मग तांबडा. बाईचा चेहरा बराच वेळ टिकून होता. तिने तो बोटाने पुसला.

"बाई, तुमच्या हातून?" संचालकांनी विचारलं.

"चक्कर आली," ती म्हणाली.

तज्ज्ञांनी ओला कागद पाहिला आणि भिंग पेटीत ठेवून ते निघून गेले. संचालकांनी तिच्याकडून खोलीच्या किल्ल्या मागून घेतल्या.

संध्याकाळी ती भावाच्या दारात उभी राहिली. "आत्या आली!" धाकटी ओरडली. भाऊ हातातला कुंचला तसाच घेऊन बाहेर आला.

"वाचलास रे," ताईला रडू आवरेना. "रंग धुऊन टाकले मी. माझी नोकरी गेली, जाऊ दे. आता तुझ्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही."

"कसले रंग?"

"तुझ्या नकलेचे. दलालाने आमच्याच गळ्यात मारली होती."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. पोरींच्या पलंगामागच्या भिंतीवर, चौकटीत, एक बाई सुईत दोरा ओवत होती.

"तू एवढी बोललीस, मग मला नक्कल देववेना," तो म्हणाला. "खरं चित्र त्याचं त्याला परत केलं, ताई."